वितभर शिंगरू



तिसरे तीर्थंकर श्री संभवनाथ भगवान यांचे लांछन अश्व आहे, हे आपल्या पाठशाळेतले लहान मूलही सांगते. पण मूर्तीच्या पादपीठावरचा तो अश्व आपल्यापैकी किती जणांनी निरखून पाहिला असेल? मूर्ती लहान असली तर तो बोटाच्या पेराएवढाही नसतो. वर्षानुवर्षांच्या अभिषेकाने त्याचे कान आणि आयाळ गुळगुळीत झालेली असते. मी ज्या ज्या मूर्तींपुढे वाकून तो पाहिला, तेथे एक गोष्ट मात्र सारखी आढळली. त्याच्या पाठीवर खोगीर नव्हते, तोंडात लगाम नव्हता, वर स्वार नव्हता. तो कोणालाही वाहून नेत नव्हता. आपला आपण उभा होता.

शहरांच्या चौकांतल्या घोड्यांचे तसे नसते. तेथे घोडा म्हणजे आसन; मान असतो तो वर बसलेल्याला. क्वचित लोकच हा क्रम उलटा करतात. मुंबईच्या 'काळा घोडा' भागात मूळ पुतळा होता राजपुत्र एडवर्डचा, पण मुंबईकरांनी जागेला नाव दिले ते घोड्याचे. 1965 साली तो पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला आणि 2017 साली त्या परिसरात नवा घोडा उभा राहिला, तो मात्र स्वाराविना.

या महिन्यात मला लिहायचे आहे ते एका शिल्पकार स्त्रीविषयी. तिने ब्राँझमध्ये पुष्कळ घोडे घडवले, आणि त्यांतले बहुतेक अजून वाढ पूर्ण न झालेले, ज्यांच्या पाठीवर कोणी बसावे असे वय न झालेले. मराठीत त्याला सुंदर शब्द आहे, शिंगरू. हा विषय सुचण्यास कारण घरातलेच घडले.

कार्तिकात सांगलीला आक्काकडे गेलो होतो. दाजींची हळदीची पेढी आहे. भाची वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हिशेबाला चोख आहे. चोविहार असल्याने सूर्यास्तापूर्वीच जेवणे उरकली होती. सगळे ओसरीवर बसल्यावर दाजींनी विषय काढला.

"आता तुम्हीच सांगा हिला. परीक्षा झाली की पेढीवर बसेल, दोन वर्षांत सगळे सांभाळेल, असे मी धरून चाललो होतो. आणि ही रोज दुपार कलली की जाते कुठे, तर वरातीच्या घोडेवाल्याच्या वाड्यात. पावसाळ्यापासून हेच चालले आहे."

भाची काही बोलली नाही. आत गेली आणि दोन्ही हातांत धरून एक वस्तू घेऊन आली. तपकिरी मेणाचे, वितीहून थोडे मोठे शिंगरू. पुढचे पाय फाकलेले, मान अर्धवट खाली, शेपटीचा नुसता गोंडा.

"मामा, अजून झालेले नाही," ती म्हणाली. "मागचा डावा पाय चुकतोय."

आक्काने एकच प्रश्न विचारला, "मेण कसले गं हे? पोळ्याचे तर नाही?"

"नाही आई. खनिज तेलापासूनचे आहे. विचारून आणलेय."

दाजी माझ्याकडे पाहत होते. मला उपदेश करणे जमले नाही. दोन्ही बाजू मला कळत होत्या. मी स्वतःही पेढीवरच वाढलो आहे. वडिलांच्या हाताखाली बसून शिकलेली गोष्ट आयुष्यभर पुरते, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्या रात्री मी फक्त रेने सिंटेनिस यांची गोष्ट सांगितली. तीच येथे विस्ताराने लिहितो.

रेने सिंटेनिस यांचा जन्म 1888 सालचा, ग्लाट्झ या गावचा. ते गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. बालपण नॉयरुपीन नावाच्या लहान गावात गेले आणि तेथेच जनावरांचा, विशेषतः घोड्यांचा लळा लागला. पुढे कुटुंब बर्लिनला आले आणि त्या कलाशाळेत शिल्पकला शिकू लागल्या. वडील कायद्याच्या क्षेत्रातले. शिक्षण पुरे होण्याआधीच, 1910 च्या सुमारास, त्यांनी मुलीला शाळेतून काढून आपल्याजवळ लेखनिकाच्या कामाला बसवले. काही काळ तिने ते केले. मग एके दिवशी तिने ते काम सोडले आणि घरही सोडले. कुटुंबाशी संबंध तुटला. त्याचा घाव तिच्या मनावर खोल बसला; नैराश्याने तिला ग्रासले. गेओर्ग कोल्बे या शिल्पकाराकडे ती स्वतः नमुना म्हणून उभी राहिली आणि पुन्हा मातीला हात लावला.

त्या वडिलांना दुष्ट ठरवणे सोपे आहे. मला तसे करावेसे वाटत नाही. मुलीचे पुढे कसे होईल ही चिंता आपल्या घरांतही असते आणि तिचे उत्तर बहुधा 'आपल्या नजरेसमोर बस' असेच असते. पण त्या घरात मुलगी काय पाहते आहे, हे कोणी तिच्या शेजारी बसून पाहिले नाही. मला खरी हानी तेथे दिसते.

सिंटेनिस यांनी काय पाहिले? त्यांच्या कामाचे माप पाहिले की आश्चर्य वाटते. त्या काळी शिल्पकाराची कीर्ती चौकातल्या भव्य पुतळ्यांवर ठरत असे. या बाईंची शिल्पे मात्र तळहातावर किंवा मेजावर मावणारी. शिंगरे, हरणाची पाडसे, गाढवे, कुत्र्याची पिले. शिंगरू उभे, शिंगरू पहुडलेले, शिंगरू मागे वळून पाहणारे. धातूच्या पृष्ठभागावर बोटांचे ठसे तसेच राखलेले. घासून चकचकीत करण्याचा सोस नाही. त्यांनी पोलो खेळणारा स्वारही घडवला, धावपटू आणि खेळाडूही घडवले. पण लोकांनी मनापासून घरी नेली ती ही लहान जनावरे.

घरी नेली म्हणजे विकत नेली, आणि येथे एका व्यापाऱ्याचे नाव घेतलेच पाहिजे. आल्फ्रेड फ्लेश्टहाइम हा धान्याचा व्यापार करणाऱ्या ज्यू कुटुंबातला मुलगा. आधी वडिलोपार्जित धंद्यात होता, पुढे चित्र-शिल्पांचा विक्रेता झाला. ड्युसेलडॉर्फ आणि बर्लिन येथे त्याची कलादालने होती. सिंटेनिस यांची शिल्पे त्याने गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवली. सामान्य घराच्या मेजावर मावेल अशा अस्सल कलाकृतीला गिऱ्हाईक आहे, हे ओळखायलाही नजर लागते. चांगला माल ओळखणे आणि तो योग्य हातात देणे ही विद्या आपल्या समाजाला नवी नाही.

आता त्या शिंगराकडे वळू. कारण जिवंत शिंगरू समोर ठेवून शिल्प घडवणे किती अवघड, हे कळल्याशिवाय या कामाचे मोल कळत नाही.

घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. शिंगरू जन्मल्यावर साधारण तासाभरातच उभे राहण्याची धडपड करते. जन्मतः त्याच्या खुरांवर रबरासारखे मऊ आवरण असते. ते असते मातेसाठी. पोटातल्या हालचालींत कठीण खुरांनी तिला इजा होऊ नये, अशी ती निसर्गाची योजना. शिंगरू चालू लागले की ते आवरण झिजून गळून पडते. हे वाचताना आपल्या मनात कोणता शब्द उमटतो, ते मी सांगायला नको.

जन्माच्या वेळीच त्याचे पाय जवळजवळ मोठ्या घोड्याच्या पायांइतके लांब असतात. धड मात्र आखूड आणि मान तोकडी. म्हणून गवताला तोंड लावायचे तर त्याला पुढचे पाय फाकवावे लागतात किंवा गुडघे वाकवावे लागतात. सिंटेनिस यांचे 1929 सालचे 'चरणारे शिंगरू' आज बर्लिनच्या फ्रीडेनाऊ भागात, त्यांच्याच नावाच्या चौकात उभे आहे. मोठ्या घोड्याचे चरणे हा नित्याचा व्यवहार; शिंगराचे चरणे ही एक कसरत असते. पोटाची भूक आणि पायांची लांबी यांचा मेळ त्याला रोज नव्याने घालावा लागतो.

शिवाय वाढ सर्व अंगांची एकाच वेळी होत नाही. कधी मागचा पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच दिसतो, मग खांदा वर येतो, मग पुन्हा पुठ्ठा. आषाढात घेतलेले माप कार्तिकात खोटे ठरते. शिल्पकार पायांची लांबी साधेपर्यंत छाती भरलेली असते. म्हणजे घडवायचे ते एका ठरावीक दिवसाचे शिंगरू नव्हेच. वाढत्या जिवाचा जो स्वभाव सर्व दिवसांत टिकून राहतो, तो पकडायचा.

आणि ते स्थिर राहत नाही. आपण सामायिकाला दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, एका जागी बसतो. शिंगरू एक मिनिटही त्याच मुद्रेत राहणार नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. तुम्ही उठलात, हात उचलला, की ते आईच्या पलीकडे. म्हणून करायचे एवढेच, की गप्प बसायचे. इतके गप्प, की आपण त्या अंगणातलाच एक खुंट होऊन जावे. मग ते स्वतः जवळ येते, हुंगते, बाही ओढते. पाहायचे, नजर काढून मेणाकडे वळायचे, लक्षात राहिले तेवढेच बोटांनी लावायचे, पुन्हा पाहायचे. ज्या क्षणी त्याला धरून ठेवावे, त्या क्षणी ते पाहण्याजोगे राहत नाही. उरते ते फक्त घाबरलेले जनावर.

घोड्याचे शरीर जाणण्याचा दुसराही मार्ग आहे. इंग्लंडमधील चित्रकार जॉर्ज स्टब्ज यांनी मृत घोड्यांचे महिनोन्महिने विच्छेदन करून 1766 साली अश्वशरीराचे पुस्तक छापले. त्याचा उपयोग नंतरच्या कितीतरी कलावंतांना झाला, तो नाकारण्याचे कारण नाही. पण मृत घोड्यापासून स्नायू कळतात. बिचकणे कळत नाही. शिंगराचे शिंगरूपण त्याच्या बिचकण्यात आहे. ते शिकायचे तर जिवंत जिवापुढे, त्याला न दुखवता, त्याच्या सोयीने बसावे लागते.

आता धातूविषयी. शिंगरू ब्राँझमध्येच का? कारण त्याचे पाय. दगडात चार पायांचे जनावर घडवायचे तर पोटाखाली खांब, झाडाचा बुंधा असा काहीतरी आधार ठेवावा लागतो. नाही तर बारीक पाय वरच्या भाराने मोडतात. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, साधारण नऊ भाग तांब्याला एक भाग कथील. त्यात इतकी चिवट ताकद असते, की काडीसारखे पायही धड पेलतात. शिंगराला आधार न देता उभे करणारा हा धातू आहे.

आधी मेणाचा नमुना करतात. धातू आत जाण्याच्या आणि हवा बाहेर पडण्याच्या वाटा मेणाच्याच काड्या लावून तयार करतात. त्यावर बारीक मातीचे थर देतात, वाळवतात, मग भट्टीत तापवतात. मेण वितळून निघून जाते. आत राहते पोकळी. सुमारे 1,100 अंश सेल्सिअसला तापलेला धातू त्या पोकळीत ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात. साचा एकदाच वापरता येतो. चुकले, धातू पायात पोहोचण्याआधीच थिजला किंवा हवा अडकली, तर मेणही गेले आणि मूर्तीही गेली. बारीक पायांच्या शिंगरात हा धोका सर्वांत मोठा. म्हणून शिल्पकाराइतकाच ओतारी महत्त्वाचा. सिंटेनिस यांचे काम बर्लिनच्या नोआक ओतशाळेत होत असे. 1897 साली सुरू झालेली ही ओतशाळा. तिचे मालक पिढ्यान्‌पिढ्या हेरमान नोआक हेच नाव लावत आले. आजोबांचे नाव पेढीला आणि नातवालाही, ही रीत आपल्याला परकी वाटणार नाही.

ही पद्धतही आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मेणावरून धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिलेली आहे. मेणाचे आधी वजन करावे आणि त्यावरून धातू किती लागेल ते ठरवावे, असे तेथे सांगितले आहे. या पद्धतीचे जुने नाव 'मधूच्छिष्टविधान', म्हणजे मध काढून उरलेल्या पोळ्याच्या मेणाची पद्धत. मध वर्ज्य मानणाऱ्या आपल्या समाजाच्या मूर्तीही शतकानुशतके या मार्गाने घडल्या, हे सत्य लपवण्यात अर्थ नाही. आज खनिज तेलापासूनचे मेण मिळते आणि तेवढी हिंसा टाळता येते. म्हणून आक्काचा प्रश्न मला सर्वांत योग्य वाटला.

वडोदऱ्याजवळील अकोटा येथे 1951 च्या सुमारास सापडलेल्या प्राचीन जैन धातुमूर्तींचा संग्रह प्रसिद्ध आहे. त्यांतील जीवंतस्वामींच्या मूर्तीवरील लेखात दान देणारीचे नाव आहे, श्राविका नागीश्वरी. ही मूर्ती सहाव्या शतकातील मानतात. धातूत घडलेले रूप आणि त्यामागे उभी असलेली एक स्त्री, ही जोडी आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

पुन्हा बर्लिनकडे. 1931 साली सिंटेनिस यांची प्रशियाच्या कला अकादमीवर निवड झाली. शिल्पकार म्हणून तेथे गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. तीनच वर्षांत, 1934 मध्ये, त्यांना वगळण्यात आले, कारण त्यांची एक आजी ज्यू वंशाची होती. त्यांच्या कृती सार्वजनिक संग्रहांतून काढल्या गेल्या. त्यांचा विक्रेता फ्लेश्टहाइम याला 1933 सालीच देश सोडावा लागला होता. त्याचे दालन हातचे गेले आणि 1937 साली लंडनमध्ये तो वारला.

त्याच काळात त्याच शहरासाठी दुसरे घोडे घडत होते. हिटलरच्या नव्या कार्यालयासाठी योझेफ थोराक या शिल्पकाराने दोन प्रचंड ब्राँझचे घोडे केले. फुगलेल्या स्नायूंचे, पाऊल उचललेले, पाहणाऱ्याला धाक वाटावा असे. युद्धानंतर ते कार्यालय उरले नाही. ते घोडे अनेक हातांतून फिरत नाहीसे झाले आणि 2015 साली जर्मन पोलिसांना एका गोदामात सापडले. धाक घालण्यासाठी घडवलेली वस्तू, धाक संपल्यावर गोदामात पडून राहिली.

सिंटेनिस यांची शिंगरे अशी पडून राहिली नाहीत. लोकांनी ती घरात जपली. त्यांची स्वतःची कार्यशाळा युद्धाच्या अखेरीस बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. त्या वाचल्या, पुन्हा काम करू लागल्या, बर्लिनच्या कलाविद्यालयात शिकवू लागल्या. 1965 साली त्या वारल्या. ज्या मुलीला शिक्षण अर्धवट सोडायला लावले, तिच्याकडे पुढच्या पिढीचे विद्यार्थी शिकले.

त्यांच्या हातचे आणखी एक लहान जनावर जगभर गेले आहे. त्यांनी 1932 साली बर्लिन शहराचे चिन्ह असलेल्या अस्वलाचे शिल्प केले होते. 1951 साली सुरू झालेल्या बर्लिन चित्रपट महोत्सवाचे पारितोषिक म्हणजे हेच अस्वल. 1958 साली त्यातले एक रौप्य अस्वल महाराष्ट्रात आले, कोल्हापूरच्या मातीतल्या व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटासाठी. शांतारामांचे वडील जैन होते, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. बेड्या काढून, विश्वास टाकून माणूस बदलतो का, हा त्या चित्रपटाचा प्रश्न. लगामाशिवायचे शिंगरू घडवणाऱ्या हातांनी केलेले अस्वल त्या चित्रपटाला मिळावे, हा योगायोगच. पण मला तो शोभून दिसतो.

सांगलीच्या ओसरीवर ही गोष्ट संपली तेव्हा बरीच रात्र झाली होती. कोणी काही बोलले नाही. दाजी त्या मेणाच्या शिंगराकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, "याचे वजन किती?"

भाचीला सांगता येईना. दाजी उठले, आतून नमुने तोलायचा लहान काटा घेऊन आले. ज्या काट्यावर हळदीचा नमुना तोलतात, त्यावर त्यांनी ते शिंगरू अलगद ठेवले. 410 ग्रॅम भरले.

"आणि धातू?"

"मेणाच्या साधारण नऊपट," मी म्हणालो. "वाटांमध्ये जाते ते वेगळे."

"म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास. वर घट धरून पाच." दाजींचे ओठ हलत होते, तांब्याचा भाव, कथिलाचा भाव, ओताऱ्याची मजुरी. मी त्यांना तीस वर्षे ओळखतो. ज्या गोष्टीत त्यांना रस नसतो, तिचा हिशेब ते मांडत नाहीत.

शिंगरू काट्यावरून उचलताना त्यांनी ते उलटे करून खालून पाहिले. "मागचा डावा पाय चुकतोय म्हणालीस. कुठे चुकतोय?"

"गुडघ्याच्या वर. ते उभे राहताना भार तिकडे टाकत नाही, बाबा. मला वाटते अजून त्याचा त्या पायावर विश्वास नाही. बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

दाजी थोडा वेळ थांबले. "उद्या पेढी उघडायच्या आधी जाऊ," ते म्हणाले. "मला दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे गेले. मी गेलो नाही. पुढे काय ठरले, हे विचारायची घाई मी केलेली नाही. परीक्षा आहेत, पेढी आहे, मुलगी वीस वर्षांची आहे. शिंगरूही अजून वाढते आहे. पण रेने सिंटेनिस यांच्या घरी जे झाले नाही, ते या घरी त्या सकाळी झाले. वडील मुलीच्या शेजारी बसले आणि ती काय पाहते आहे, ते त्यांनी पाहिले. घोडेवाल्याने त्यांना पोते पसरून दिले म्हणे. आक्काने फोनवर सांगितले, की दाजींना परत यायला तास लागला आणि त्या दिवशी पेढी उशिरा उघडली.

आपल्या घरांत मुले वाढतात तेव्हा आपणही माप घेत असतो. आपल्या मनात त्यांचे पूर्ण वाढलेले रूप आधीच ठरलेले असते, आणि खोगीरही तयार असते. वाईट हेतूने नव्हे, काळजीपोटीच. पण वाढणारा जीव काल होता तसा आज नसतो. त्याला धरून ठेवले तर तो दिसत नाही. त्याच्या अंगणात गप्प बसण्याइतका वेळ आपण काढला, तर तोच जवळ येतो. अहिंसा म्हणजे न मारणे एवढेच आपण लहानपणी शिकलो. जे घडते आहे त्याला घडू देऊन पाहता येणे, हाही तिचाच भाग असावा, असे मला या वयात वाटू लागले आहे.

पुढच्या वेळी संभवनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाल, तेव्हा क्षणभर पादपीठाकडे पाहा. सोबत घरातले मूल असेल, तर त्यालाही दाखवा; आणि त्याला काय दिसले, ते विचारा.

जय जिनेंद्र.